आत कोणी नाही

६ जानेवारी २०२५, सोमवार

ही डायरी सिद्धेशला त्याच्या कारखान्यातून मिळाली. पानापानावर हेल्मेटचं चित्र आहे. माझा हा धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, तुला सतत कसली ना कसली भीती वाटत असते. ती यात लिही आणि आमचं डोकं खाणं बंद कर." गॅसचं बटण मी दोनदा बघते आणि कुलूप ओढून ओढून बघते, हे खरं आहे. पण आजची भीती गॅसची नाही.

आजपासून आमचं नवं जाळं चाकणला सिद्धेशच्याच कारखान्यात चालू झालं. आमची कंपनी म्हणजे चिंचवड स्टेशनजवळच्या एका मजल्यावरची मोजकी माणसं आणि एक गळका एसी. ज्ञानेश आमचा प्रमुख. तो म्हणतो, आजचं इंटरनेट पत्त्यावर चालतं. उपकरण जागचं हललं की त्याचा पत्ता बदलतो आणि चालू असलेलं बोलणं तुटतं. भोसरीत खोल्या बदलत फिरणाऱ्या भाडेकरूची पत्रं जुन्या खोलीवर पडून राहतात, तसंच. उद्याच्या इंटरनेटमध्ये प्रत्येक उपकरणाला कायमचं नाव असेल. ते नाव आत्ता कुठे आहे हे आमचं नावघर सांगेल, आणि निरोप पत्त्याला नाही, नावाला पोचेल.

कारखान्यात प्रत्येक कामगाराला गळ्यात घालायचा एक बिल्ला दिला आहे. त्यात रेडिओ आहे. बिल्ला शेडमध्ये असो, मैदानात असो की कंपनीच्या बसमध्ये, नावघराला तो सापडतोच. उद्या आग लागली तर आत किती माणसं राहिली हे माझ्या पडद्यावर दिसणार, आणि त्यावरून ठरणार की बचावाची पोरं आत पाठवायची की नाही.

तिथले सुरक्षा अधिकारी अर्जुनराव चाकणच्याच जुन्या घरातले. सगळं नीट ऐकून घेऊन म्हणाले, "म्हंजी पोरी, तुजा आकडा चुकला तर माजं माणूस जळंल. व्हय ना?"

ज्ञानेश हसला. मला हसू आलं नाही. रंगाच्या शेडमध्ये माझा भाऊ काम करतो.

९ जानेवारी, गुरुवार

शेडचं जाळं सोडून बसचं जाळं धरताना बिल्ला काही क्षण कुणाचाच नसतो. पडद्यावर त्या नावापुढे नुसती रेघ येते. आज दुपारी पहिली पाळी सुटताना एकदम पन्नासेक रेघा आल्या. माणसं समोर मैदानात हसतखिदळत चालली होती आणि माझ्या पडद्यावर ती नव्हतीच.

ज्ञानेशला म्हटलं, "या रेघेत जर आग लागली तर?"

"अगं, दोन सेकंदांचा प्रश्न आहे. ऑप्टिमाइज होईल."

होईल म्हणे. मी करेन तेव्हा होईल. माणूस हरवता कामा नये, बास. बाकी सगळं गेलं चुलीत.

१५ जानेवारी, बुधवार

रेघ गेली. बिल्ला आता नवं जाळं पकडेपर्यंत जुनं सोडत नाही, आणि मधल्या वेळात आलेला निरोप वाटेतला राउटर धरून ठेवतो. काल संक्रांत होती. आईने तिळगूळ दिला तेव्हासुद्धा माझा एक डोळा लॅपटॉपवर होता. आई म्हणाली, "गोड बोल म्हणणार होते, पण तू बोलतच नाहीस."

आज सराव झाला. भोंगा वाजला, सगळे मैदानात जमले. अर्जुनरावांची माणसं पाळीप्रमाणे नावं पुकारत होती, ते पुकारणं चालू असतानाच माझा आकडा तयार होता. बरोबर होता. मॅनेजरसाहेब इतके खूश झाले की त्यांनी पुकारणी बंदच करून टाकली.

अर्जुनराव एकदा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की साहेब. तोंडानं 'हजर' म्हनलेलं बरं असतंय." कोणी लक्ष दिलं नाही. खरं सांगायचं तर मीही दिलं नाही. मी त्या आकड्याकडे बघत होते. पण आता घरी आल्यावर वाटतंय, आता त्या आकड्याच्या पाठीशी दुसरं काहीच उरलेलं नाही.

जाता जाता साहेबांनी आणखी एक काम गळ्यात मारलं. बसमध्ये जागेवरून रोज भांडणं होतात. खिडकीतून रुमाल टाकायचे, डबे ठेवायचे. तळेगाव चौकात गाडी अडकली की भोसरीपर्यंत दोन-दोन तास उभं राहायचं, मग भांडणार नाहीत तर काय. साहेब म्हणाले, बसला कोणाचा बिल्ला आधी पोचला ते कळतंच, तर मग त्याच क्रमाने जागा द्या. जेवायच्या सुट्टीत लिहून टाकलं. बिल्ला बसला लागला की दाराशी आसनाचा क्रमांक दिसतो आणि घरच्यांना निरोपही जातो. किरकोळ काम होतं.

२१ जानेवारी, मंगळवार

आज फार मजा आली. भीतीच्या डायरीत हेही लिहायला हवं.

पाळी सुटायच्या जरा आधी पाच बिल्ले एकदम शेडमधून निघाले. एकमेकांपासून हातभर अंतरावर, एकाच चालीने मैदान ओलांडून एकाच क्षणी बसला लागले. पाचांपैकी एकाचाही निरोप सांडला नाही! घोळक्याने जागा बदलणारी उपकरणं सांभाळणं ही आमच्या कामातली सगळ्यात अवघड परीक्षा, आणि ती कोणी न घेताच आम्ही पास झालो. ज्ञानेशने तो आलेख परिषदेच्या निबंधात घालायला मागून घेतला.

त्या पाचांत सिद्धेश होता. घरी आल्यावर त्याला म्हटलं, "काय रे, मित्रमंडळ अगदी खांद्याला खांदा लावून चालतं वाटतं?"

तो जरा दचकला. मग म्हणाला, "हां... म्हणजे, बरोबरच निघतो आम्ही." आणि उगाचच दुसरी भाकरी मागितली. मला वाटलं, पडद्यावर एवढं बारीक दिसतं याचं त्याला नवल वाटलं, आणि आनंद झाला.

२८ जानेवारी, मंगळवार

दोन दिवस एका विचित्र गोष्टीने छळलं. रंगाच्या शेडला लागून रंग कालवायची खोली आहे. तिथला नवनाथ शेळके रोज पुढच्या पाळीला यंत्र सोपवताना सही करतो. ती सही संगणकावरच असते, वेळेसकट. आणि ती वेळ नवनाथचा बिल्ला बसला लागल्यानंतरची दिसते. माणूस बसमध्ये बसलेला आणि सही करतोय आत!

नावघरच चुकत असेल तर? सगळं उकरून काढलं. शेवटी ज्ञानेश म्हणाला, "सोप्पंय, कारखान्याच्या संगणकाचं घड्याळ पुढे आहे. जुनाट मशीन आहेत ती." तपासलं तर घड्याळ खरंच थोडं पुढे निघालं. पुरेसं पुढे होतं का, ते बघितलं नाही. घड्याळं जुळवली, आणि तरी जो फरक उरला त्याचा इशारा बंद करून टाकला. रोज रोज लाल दिवा बघून माझाच जीव जाईल.

आज शांत वाटतंय. गॅस एकदाच बघितला.

२ फेब्रुवारी, रविवार

सिद्धेश नवनाथला चहाला घेऊन आला. चाळिशीचा, बीडकडचा, बोलताना हात फार हलवणारा माणूस. नखांच्या कडेला निळा रंग बसलेला. मला 'इंजिनेर मॅडम' म्हणतो. माझ्यापेक्षा वयाने एवढा मोठा, तरी उठून उभा राहिला.

"मॅडम, तुमचे लई उपकार. मला बादल्या, पाइप धुऊन, समद्यांच्या मागून निघावं लागतंय. नऊ वर्सं उभ्यानं गेलोय मी भोसरीला. आता शेवटी निघतो तरी जागा असती! मोशीपर्यंत डोळा लागतोय बगा."

सिद्धेश त्याच्याकडे बघून डोळे मोठे करत होता. मला वाटलं, पाहुण्याने कौतुक फार लांबवलं म्हणून लाजतोय. मी म्हटलं, "अहो दादा, ते जाळ्याचं काम, माझं काय त्यात." पण बरं वाटलं. कोणाला तरी या सगळ्याचा उपयोग होतोय.

८ फेब्रुवारी, शनिवार

लिहिते, नाहीतर वेड लागेल.

काल दुपारी पाळी बदलायच्या वेळेला मी कारखान्यातच होते, सुरक्षा कक्षात, पडद्यासमोर. दुसऱ्या पाळीची माणसं अजून गेटवर होती. रंग कालवायच्या खोलीच्या वरच्या झरोक्यातून धूर निघाला. आधी पांढरा, मग एकदम काळा. भोंगा झाला. यावेळी सराव नव्हता.

अर्जुनराव धावत आले. मागे त्यांची तीन पोरं, तोंडाला मुखवटे, पाठीवर हवेच्या टाक्या. ती आत जायला निघालेलीच होती.

"पोरी, आत कोन हाय का?"

मी पडद्यावर बघितलं. आत शून्य. एकही रेघ नाही. रंगाच्या शेडमधली सगळी नावं मैदानात नाही तर बसमध्ये. सिद्धेश बसमध्ये. किती जीव भांड्यात पडला माझा!

"कोणी नाही," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. आत कोणी नाही."

त्यांनी पोरांना हात केला. "थांबा रं. मोकळी खोली हाय. थिनरचे पिंप हायेत आत, कशाला जीव घालवायचा. भायेरनं पानी मारा." बरोबरच होतं त्यांचं. माझा आकडा त्यासाठीच तर होता.

मी बसकडे गेले. सिद्धेशला डोळ्यांनी बघायचं होतं, एवढंच. बस गेटबाहेर उभी होती. तो तिसऱ्या रांगेत बसला होता, आणि त्याच्या शेजारच्या आणि पुढच्या मोकळ्या आसनांवर एकेक बिल्ला ठेवलेला. चार बिल्ले, माणसं नाहीत.

मी विचारलं, "हे काय आहे?"

"जागा धरल्यात ताई," तो म्हणाला. अगदी साधेपणाने म्हणाला. "बिल्ला लागला की जागा मिळते ना, म्हणून रोज एक जण सगळ्यांचे आणतो. आज माझी पाळी होती. हे तिघे तोंड धुवायला गेलेत, ते बघ आले." आणि मग त्याने खिडकीतून मागे धुराकडे बघितलं. "ताई, नवनाथदादा कुठंय?"

मी पळाले. अर्जुनरावांचा हात धरून म्हणाले, "एक जण आहे. आत एक जण आहे." त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पोरांबरोबर स्वतः आत घुसले.

माझ्या 'नक्की' पासून त्या क्षणापर्यंत किती वेळ गेला ते अर्जुनरावांनी लिहून ठेवलंय. तो आकडा मला इथे लिहायचा नाही.

नवनाथला बाहेर आणलं तेव्हा तो हलत नव्हता. भाजणं हातांना आणि मानेला. पण डॉक्टर म्हणतात खरा धोका फुप्फुसांचा आहे. चिंचवडच्या एका दवाखान्यात आयसीयूमध्ये आहे. श्वासाचं मशीन लावलंय. जगेल की नाही हे ते सांगत नाहीत.

१० फेब्रुवारी, सोमवार

सिद्धेश जेवत नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असतो. आईने विचारलं तर एवढंच म्हणाला, "मी हाक मारायला हवी होती."

कार्यालयात ज्ञानेश माझी वाटच बघत होता. सगळ्या नोंदी त्याने तपासल्या होत्या.

"साक्षी, आपल्याकडून काहीही चुकलेलं नाही. एकही बिल्ला हरवला नाही, एकही निरोप सांडला नाही. नेटवर्क परफेक्ट होतं. लोकांनी चीटिंग केलं." मग आवाज खाली आणून, "कारखाना आता मनगटात घालायचा पट्टा मागतोय. फक्त गेटवर निघेल असा. काम वाढतंय आपलं. तू फक्त कोणी कोणाचे बिल्ले नेले ती यादी काढून दे."

त्या यादीत सगळ्यात वर माझा भाऊ आहे. मला त्याच्यासाठी भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मोठी भीती दुसरीच वाटली. ज्ञानेश जे म्हणत होता ते शब्दन् शब्द खरं होतं. बिल्ला कुठे आहे हे आम्हाला शेवटपर्यंत अचूक कळत होतं. पाच बिल्ले एका हातात चालत गेले तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. आत सही होत होती तेव्हा घड्याळ जुळवलं. जागेसाठी काय वाटेल ते करणाऱ्या माणसांना मी सांगितलं की जागा बिल्ल्याला मिळेल, आणि त्यांनी रुमालाऐवजी बिल्ला टाकला. यात चीटिंग कुठे आलं? रुमाल टाकताना आपण माणूस म्हणून रुमाल मोजत नाही. मी मोजला.

यादी दिली. तिच्या वर माझ्या हाताने लिहिलं की आत कोणी नाही असं पडद्याने नाही, मी सांगितलं. आणि लाल दिवा मी बंद केला होता. ज्ञानेश म्हणाला, "हे वाक्य काढ." ते तसंच ठेवून मी बाहेर पडले. आता नोकरी राहते की जाते कोण जाणे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज दवाखान्यात गेले. तीन दिवस नुसती जायची तयारी करत होते.

आयसीयूबाहेर लोखंडी बाकांवर नातेवाइकांची गर्दी. नवनाथची बायको, रंभा, कोपऱ्यातल्या बाकावर बसली होती. बाजूला पिशवी आणि पाण्याची बाटली. ती मला ओळखत नव्हती. मी शेजारी बसले. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "ताई, इथंच हायेत ना तुमी? मला खाली औषधं आणायची हायेत. जरा ही जागा बघा. पिशवी ठेवली तर उचलून टाकायलेत. इथं माणूसच लागतंय."

ती गेली. मी पिशवी मांडीवर घेऊन बसले.

दार उघडलं. नर्सने कागदात बघून हाक मारली, "नवनाथ शेळके! त्यांचं कोणी आहे का?"

कोणी आहे का. आहे म्हणू की नाही म्हणू, मला काहीच ठरवता येईना. "थांबा, आणते," एवढं ओरडले आणि पिशवी तशीच घेऊन जिन्याने खाली पळाले. औषधाच्या खिडकीपाशी रंभा रांगेत होती. तिचा दंड धरून तिला वर आणली. आमच्या बाकावर दुसरं कोणीतरी येऊन बसलेलं होतं.

ती आत जाऊन आली तेव्हा भिंतीला टेकून उभी राहिली. "डोळे उघडलेत. मशीन अजून काढणार न्हाईत. डॉक्टर म्हणाले, अजून भरवसा देत न्हाई. पण डोळे उघडलेत. मला ओळखलं बगा." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तुमी कुणाकडच्या ताई?"

सांगितलं. सिद्धेशची बहीण, आणि बिल्ल्याचं काम करणारी. म्हटलं, "आत कोणी नाही असं मीच सांगितलं होतं." ती मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तिने मारलं नाही.

"मला मेसेज आल्ता," ती म्हणाली. "बसमदी बसले म्हणून. मग कंपनीतून फोन आला, आग लागली, या म्हणून. मी त्या माणसाला म्हणले, खोटं कशाला बोलता, माझा नवरा बसमदी हाय. फोन ठेवून दिला मी. दोनदा ठेवला." पदराने तोंड पुसलं. "म्या बी तेच वाचलं की, ताई. तुमी जे वाचलं तेच."

तिने फोन माझ्या हातात दिला. नवनाथचा बिल्ला चौकशीसाठी अजून त्याच बसमध्ये ठेवलेला आहे, त्यामुळे पडद्यावर आजही तेच होतं. नवनाथ शेळके, बसमध्ये, आसन मिळालं.

"हे घालवा. सारखं दिसायलंय."

मी ते काढून टाकलं. फोन तिला परत दिला, तिने तो न बघता पिशवीत टाकला. बाकावर जागा नव्हती म्हणून आम्ही भिंतीशी फरशीवरच बसलो, दोघी, त्या दाराकडे बघत. भेटायची वेळ संपल्यावरही कोणी आम्हाला उठवलं नाही.